डोंगरावरचं आडवं झाड

(दृश्य : कागद अगदी जवळून. पेन्सिल धरलेली लहान बोटं.)

दुसरीचा वर्ग. चित्रकलेचा तास. विषय डोंगराचा. खिडकीजवळच्या बाकावरची ही मुलगी डोंगर काढून मोकळी झालीय आणि आता उतारावर झाडं लावतेय. खोड उताराला काटकोनात निघालंय. आपल्या डोळ्यांना झाड आडवं दिसतं, आत्ता कोसळेल असं. तिला मात्र त्यात काहीच वावगं वाटत नाही. एक झालं, दुसरं झालं, तिसऱ्याला तर फळंही लागली.

(दृश्य : बाई बाकाशेजारी येऊन थांबतात. हात पाठीमागे.)

खोडरबर समोरच पडलाय. झाड सरळ करून द्यायला दोन मिनिटंही लागणार नाहीत. बाई त्याला हात लावत नाहीत. लहान मुलांना चित्रकला शिकवण्यातली सगळ्यात अवघड गोष्ट कोणती, असं मला विचाराल, तर ती हीच.

कारण मुलगी चुकलेलीच नाही. या वयात मूल झाड जोडतं ते झाडाच्या पायाखालच्या जमिनीशी. जमीन तिरपी, म्हणून झाडही तिरपं. उतरत्या छपरावरचं धुराडं असंच कलतं. झाँ पियाजे आणि बार्बेल इन्हेल्डर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना जागेची, दिशेची समज कशी येते हे तपासताना डोंगरावरची झाडंच काढायला सांगितली होती. उतार कसाही असला तरी उभं म्हणजे उभंच, हे मनात पक्कं व्हायला साधारण नववं वर्ष उजाडतं. तोवर खोडरबराने सरळ केलेलं झाड हे बाईंचं झाड असतं.

(दृश्य : एकामागून एक चित्रं. डोक्यालाच पाय फुटलेला माणूस. भिंतीतून आरपार दिसणारं घर.)

चार वर्षांच्या मुलाच्या माणसाला धड नसतं, डोक्यालाच पाय फुटतात. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या घराला भिंत असते, तरी आतली माणसं, दिवे, पलंग सगळं दिसतं. आई घरापेक्षा उंच असते. मूल समोर दिसतं ते काढत नाही, त्याला माहीत असतं ते काढतं, हे लुके या फ्रेंच अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लक्षात आणून दिलं होतं.

आणि ही रीत आजकालची नाही. रशियातल्या नोव्हगोरोद शहराच्या उत्खननात भूर्जाच्या सालीवरची काही चित्रं सापडली. तेराव्या शतकातली. काढणारा ओनफिम नावाचा सहा-सात वर्षांचा मुलगा असावा, असं अभ्यासक मानतात. एका सालीवर त्याने मुळाक्षरं लिहायला घेतली, ती अर्ध्यावर टाकली आणि घोडेस्वार काढला. घोड्याच्या पायाखाली शत्रू आडवा. शेजारी स्वतःचं नाव. त्याच्या माणसांचे हात दाताळ्यासारखे आहेत, आणि बोटं किती, याचा हिशेब प्रत्येक हाताला वेगळा. आज कुठल्याही शाळेतला पहिलीचा गठ्ठा उघडा, ओनफिमचे हात सापडतील.

(दृश्य : जुन्या पाटीवर सरळ रेषांचा सराव.)

एकोणिसाव्या शतकातल्या शाळांमध्ये चित्रकला म्हणजे बहुधा गिरवणं होतं. सरळ रेघ, तिरपी रेघ, मग नमुन्याची हुबेहूब नक्कल. १८९७ साली व्हिएन्नात फ्रांट्स चिझेक यांनी मुलांसाठी कलावर्ग सुरू केला आणि मुलांना त्यांच्या मनातलं काढू दिलं. तो मोठाच बदल होता. पण 'मुलांना मोकळं सोडा' एवढ्यावर थांबणारे शिक्षक मला पटत नाहीत. चित्र मुलाचं असू दे. ब्रश कसा धरायचा, हे मात्र शिकवावंच लागतं.

(दृश्य : ब्रश पाण्यात बुडतो. कडेला टेकवून निथळतो.)

पाणी जास्त झालं की कागद फुगतो आणि घासला की त्याची साल निघते. ब्रश बुडवला की भांड्याच्या कडेला टेकवायचा. केस कागदावर ओढायचे, ढकलायचे नाहीत. कात्री धरताना अंगठा वर ठेवायचा आणि वळण आलं की कात्री नाही, कागद फिरवायचा. हे कोणी सांगितलं नाही, तर मूल वैतागतं आणि आपल्याला चित्रच येत नाही असं समजून बसतं.

(दृश्य : पॅलेटमध्ये पिवळा रंग. त्यात निळ्याचा एक ठिपका.)

आज बाईंनी तयार हिरवा रंग मुद्दाम कपाटात ठेवलाय. हिरव्यासाठी मुलांपुढे फक्त पिवळा आणि निळा. पिवळा आधी, भरपूर. मग निळा, ब्रशच्या टोकावर येईल तेवढाच. उलटं केलं तर निळा सगळं गिळून टाकतो. पहिला ठिपका पडतो, ब्रश फिरतो, आणि वर्गात एकदम आवाज उठतो. कोवळ्या पानाचा पोपटी. आणखी एक ठिपका, गवत. आणखी एक, शेवाळं. एका मुलाने उत्साहात लालही ढकलला, त्याचं हिरवं मातकट झालं. तो रडवेला झाला. बाई म्हणाल्या, "सुकलेलं पान असंच असतं ना रे?" त्याने डोळे पुसले आणि आणखी लाल घातला.

बाई काय बोलतात, तेही ऐकण्यासारखं आहे. "हे काय काढलंस?" असं त्या विचारत नाहीत. घोडा काढणाऱ्याला तो घोडाच वाटत असतो. नुसतं 'छान' म्हणूनही पुढे जात नाहीत. त्या म्हणतात, "इथे निळा इतका दाट का केलास?" आणि मग उत्तराची वाट बघतात.

(दृश्य : चौथीचा वर्ग. एक मुलगा हाताने कागद झाकतो.)

नऊ-दहाव्या वर्षी हे चित्र पालटतं. मुलाला आपलं चित्र आणि समोरची वस्तू यांतलं अंतर दिसू लागतं. खोडरबर आता तोच मागतो. कित्येक जण चित्रकला इथेच सोडतात. याच वयात शिकवायचं असतं की जवळचं मोठं, दूरचं लहान. एक वस्तू दुसरीच्या आड जाते. स्वतःचा बूट समोर ठेवून दहा मिनिटं नुसता बघायचा. आता मूल हे मागत असतं, म्हणून ते रुजतं.

(दृश्य : दुसरीचा वर्ग. ओली चित्रं जमिनीवर पसरलेली.)

तास संपलाय. बाई खिडकीजवळच्या बाकावर वाकतात. "या झाडांबद्दल सांग ना मला. ही पडतायत का?"

मुलगी त्यांच्याकडे नवलाने बघते.

"नाही बाई. डोंगर चढतोय ना, म्हणून."

बाई कागद उलटा करतात, पेन्सिलीने तारीख घालतात आणि तिचं वाक्य तिच्याच शब्दांत लिहून ठेवतात.