जिल्ह्याचा रंग आणि गल्लीखालची जमीन

भूकंपक्षेत्रांचा रंगीत नकाशा तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. अख्खा जिल्हा एका रंगात. 1993 साली त्या नकाशात किल्लारी पहिल्या, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या क्षेत्रात होती. 30 सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास, विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना 6.2 महत्तेचा भूकंप झाला आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. पुढे भूकंपरोधक बांधकामाच्या 2002 च्या मानकात पहिलं क्षेत्रच काढून टाकलं. बरं केलं. पण तुमच्या गल्लीखाली काय आहे, हे त्यानं कळत नाही.

त्यासाठी पायपीट करावी लागते. भूवैज्ञानिक गावात आला की ओढ्याची कड बघतो आणि विहिरीत डोकावतो. न बांधलेल्या विहिरीची भिंत वरून खाली वाचत जायची: दोन परस काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे सच्छिद्र मऊ खडक, मध्येच लाल मातीचा पट्टा, तळाला सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण. दोनशे पावलांवरच्या दुसऱ्या विहिरीत हातभर मुरमाखाली लगेच पाषाण. धक्का एकच, पण पहिल्या विहिरीजवळचं घर जास्त हलणार. मऊ थरात भूकंपाच्या लाटांचा वेग मंदावतो आणि हेलकावा वाढतो. म्हणून जमिनीवर घण मारून वरच्या तीस मीटरमधला लाटांचा वेग मोजतात आणि तो नकाशावर चढवतात.

जाड गाळाची तर आणखी एक खोड. त्याला स्वतःचा झोका असतो, म्हणजे एकदा डोलायला ठरावीक वेळ लागतो, आणि इमारतीचा झोका त्याच्याशी जुळला की धडगत नाही. 26 जानेवारी 2001 च्या भुजच्या भूकंपात केंद्रापासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या अहमदाबादेत, साबरमतीच्या गाळावरच्या बहुमजली इमारती कोसळल्या. बांधकामातही खोट होतीच, ते नाकारत नाही. किल्लारीतही जीव घेतले ते मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि डोक्यावरच्या माळवदानं, म्हणजे मातीच्या जड छपरानं. नकाशा भिंतीला टेकू देत नाही.

आपली खरी पंचाईत मात्र पाषाणाचीच. जिथून भूकंप उठतो ते भ्रंश, म्हणजे खडकातल्या सरकणाऱ्या भेगा, खालच्या ग्रॅनाइटसारख्या खडकात, आणि वर लाव्ह्याचे थरांवर थर. किल्लारीला विंधनविवर (खोल बोअर) घेतलं तेव्हा ही चादर 338 मीटर जाड निघाली; कोयनेजवळ गोठण्याला 1247 मीटर. वर फिरून भ्रंश दिसणार कसा? किल्लारीजवळच्या शेतात जमीन फाटून उचलली गेली, ती धक्क्यानंतर. त्यामुळे भ्रंशासाठी गुरुत्व आणि चुंबकीय मोजणी, खोल विंधनविवरं हाच रस्ता. खर्चिक आहे, सरकारनंच करायचा.

वरच्या थरांचं काम मात्र तुमच्या हातातलं आहे. शहरात प्रत्येक मोठ्या इमारतीच्या पायासाठी बोअर घेऊन मातीचा अहवाल करतात. इमारत उभी राहिली की तो फायलीत जातो. बांधकाम परवानगी देतानाच त्याची एक प्रत नगरपालिकेनं ठेवून घ्यावी आणि प्रत्येक बोअरची जागा नकाशावर टिंबानं दाखवावी. ज्या वॉर्डात टिंबं नसतील, तिथं विहिरी बघायला आम्ही भूवैज्ञानिक येतो.