काडेपेटीचं चित्र, चार वेळा

श्रोतेहो, नमस्कार. लहान मुलांना चित्र काढायला बसवलं की डोंगर, सूर्य, झोपडी ठरलेली. आज मी तुम्हाला स्वयंपाकघरातली काडेपेटी घ्यायला सांगणार आहे.

1962 साली लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराची 32 चित्रं लागली. सगळी सुपाच्या डब्यांची, दुकानातल्यासारखी फळीवर ओळीनं मांडलेली! डबा तोच, लेबलावरचं सुपाचं नाव तेवढं वेगळं. पाच-सहा वर्षांच्या मुलांना पॉप आर्टचा, म्हणजे रोजच्या वस्तू, जाहिराती, कॉमिक्स यांतून चित्रं करणाऱ्या कलेचा, एवढा इतिहास पुरे. एक गोष्ट मात्र जरूर सांगा: डबे हातानं रंगवले होते आणि त्यांच्या तळाजवळची नक्षी चक्क ठशानं उमटवली होती. भेंडीचे ठसे मारणाऱ्या मुलांना हा माणूस लगेच आपला वाटतो.

वस्तू मुलांनाच निवडू द्या. काडेपेटी, चहाचा पुडा, बिस्किटाचा कागद, काहीही. पुठ्ठ्यावर तिचा आकार काढा आणि मधला भाग मोठ्यांनी कापून द्या. कागदाला दोन घड्या घालून उलगडला की चार चौकोन मिळतात. स्पंजला अगदी थोडा, घट्ट रंग घ्यायचा आणि पुठ्ठ्याच्या खिडकीतून टिपत जायचं. घासलंत तर रंग कडेखाली शिरतो. प्रत्येक चौकोनात वेगळा रंग. जांभळी काडेपेटी? होऊ द्या. "अशी कुठे असते का?" हा प्रश्न मोठ्यांनी गिळावा.

पॉप आर्टचाच दुसरा अमेरिकन चित्रकार रॉय लिक्टेनस्टाइन कॉमिक्समधली चित्रं मोठी करून छपाईचे ठिपकेसुद्धा रंगवायचा. हे तोंडानं समजावू नका. वर्तमानपत्रातला रंगीत फोटो भिंगाखाली धरा. नटाच्या गालावर ठिपकेच ठिपके दिसतील. मग इअरबड रंगात बुडवून मुलांना तसा चेहरा भरू द्या. ठिपक्यांमध्ये जागा सोडायला सांगा, नाहीतर नुसता लगदा होतो.

आपल्याकडे मुंबईत जन्मलेल्या आणि बडोद्यात स्थायिक झालेल्या चित्रकार भूपेन खख्खर यांनी साठच्या दशकात बाजारात मिळणारी देवांची छापील चित्रं कापून कोलाज केले. घरात जुनी कॅलेंडरं असतील तर मुलांना त्यांतली फुलं, फळं, मोर कापू द्या. देवांना कात्री लावण्याआधी मात्र आजीला विचारा! नमस्कार.