चार कान आधी

(दृश्य : पांढरी बशी. बशीत दोन बिस्किटं. एक चौकोनी, फिकट तपकिरी. दुसरं गोल, काळं. कॅमेरा अगदी जवळ.)

यातलं काळं बिस्कीट ओळखायला तुम्हाला वेळ लागणार नाही. ओरिओ. 2011 पासून ते आपल्याकडच्या वाण्याच्या दुकानातही मिळतं. शेजारचं चौकोनी मात्र बऱ्याच जणांनी पाहिलं नसेल. म्हणून आधी तेच हातात घेऊ.

याच्या कडा बघा. सगळीकडून दातेरी, पोस्टाच्या तिकिटासारख्या. चारही कोपरे जरा मोठे, बाहेर आलेले. फ्रान्समध्ये या कोपऱ्यांना कान म्हणतात. शाळेतून आलेलं पोर बिस्कीट हातात घेतं, फिरवत फिरवत चारही कान कुरतडतं आणि मग मधला भाग खातं. आजोबा तसेच खायचे, आई तशीच खाते, म्हणून तेही तसंच खातं.

याचं नाव पती-बर. अर्थ एवढाच, छोटं लोण्याचं. पश्चिम फ्रान्समधल्या नांत शहरात लुई लफेव्र-उतील यांनी 1886 मध्ये ते पहिल्यांदा केलं. त्यांच्या आईवडिलांनी, झाँ-रोमँ लफेव्र आणि पोलिन-इझाबेल उतील यांनी, 1846 मध्ये तिथे व्यवसाय सुरू केला होता. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरं जोडली की होतं ल्यू. फ्रान्समध्ये बिस्किटाच्या पुड्यावर आजही तेच दोन अक्षरी नाव असतं. बायकोचं माहेरचं आडनाव शंभराहून जास्त वर्षं एखाद्या मालाच्या नावात टिकून राहावं, हे मला फार मोलाचं वाटतं.

मैदा, लोणी, साखर, दूध. मूळ कृती इतकी साधी. आता मधली ही बारीक भोकं मोजा. 24 आहेत. भट्टीत पिठातली वाफ या भोकांतून बाहेर पडते, म्हणून बिस्कीट फुगत नाही, सपाट राहतं. पण नांतची माणसं वेगळंच सांगतात. 24 भोकं म्हणजे दिवसाचे तास, कडेचे 52 दाते म्हणजे वर्षाचे आठवडे, चार कान म्हणजे चार ऋतू. लुईंच्या मनात खरंच हे होतं का, कोण जाणे. लोकांनी मात्र एका बिस्किटात अख्खं वर्ष बसवलं आहे.

(दृश्य : काळं बिस्कीट. दोन चकत्या फिरवून वेगळ्या केल्या जातात.)

आता ओरिओ. जन्म न्यूयॉर्कचा. मॅनहॅटन बेटावर चेल्सी भागात नॅशनल बिस्किट कंपनीचा कारखाना होता. मार्च 1912 मध्ये तिथून पहिला माल हडसन नदीपलीकडच्या होबोकेन गावातल्या एका किराणा दुकानात गेला. दोन काळ्या चकत्यांमध्ये पांढरं क्रीम ही कल्पना त्याच्याही आधीची. 1908 मध्ये हायड्रॉक्स नावाचं तसंच बिस्कीट अमेरिकेत आलं होतं. ते मागे पडलं आणि ओरिओ जगभर गेलं.

कंपनीच्या नावात बिस्किट, माल मात्र कुकी. हा घोळ समजून घ्यायला हवा. अमेरिकेत बिस्किट म्हणतात ते न्याहारीला खातात, मऊ, पावासारखं, गरमागरम. आपण आणि इंग्रज ज्याला बिस्कीट म्हणतो त्याला तिकडे कुकी म्हणतात. हा कुकी शब्द मूळचा डच. डच भाषेत कूक म्हणजे केक आणि कूक्ये म्हणजे छोटासा केक. मॅनहॅटनवर आधी डच वसाहत होती, न्यू ॲमस्टरडॅम. 1664 मध्ये इंग्रजांनी ती घेतली, गावाचं नाव बदललं, पण खाऊचा शब्द तिथेच राहिला.

आणि हा काळा रंग? तोसुद्धा डचांकडचाच. 19व्या शतकात हॉलंडच्या व्हान हाउटेन घराण्याने कोको दाबून त्यातलं तूप वेगळं काढायची आणि उरलेल्या कोकोवर क्षार वापरून त्याचा आंबटपणा घालवायची पद्धत रूढ केली. क्षाराचं प्रमाण वाढवत नेलं की कोको तपकिरीचा काळा होतो. ओरिओचा रंग त्यातूनच येतो. म्हणजे हे बिस्कीट अमेरिकेतून युरोपात आलं तेव्हा त्याचा शब्द आणि रंग दोन्ही आपल्या मूळ घरी परत येत होते. युरोपने मात्र त्याला पाहुणाच मानलं.

(दृश्य : वाफाळता चहा. कपाशेजारी तीन बिस्किटं.)

ब्रिटनपासून सुरुवात करू, कारण तिथलं बिस्कीट आपल्या घरातलं आहे. लंडनच्या बर्मंडसी भागात पीक फ्रीन ही कंपनी होती. रशियाच्या राजकन्या मारिया यांचं लग्न ब्रिटिश राजपुत्राशी झालं, त्या निमित्ताने 1874 मध्ये या कंपनीने एक गोल बिस्कीट काढलं. तेच आपलं मारी. त्याच कंपनीने 1910 मध्ये दोन चॉकलेटी पट्ट्यांमध्ये चॉकलेटी क्रीम भरून आणखी एक बिस्कीट आणलं. तेच आपलं बोर्बन. ब्रिटानियाचा मुंबईचा कारखाना 1924 मध्ये उभा राहिला आणि त्याच सुमारास पीक फ्रीनने ब्रिटानियात मोठा वाटा घेतला. म्हणून रशियन राजकन्येचं नाव आपल्या आज्जीच्या बशीत आलं. पुण्याच्या श्रूजबेरीतही इंग्लंडमधल्या एका गावाचंच नाव आहे.

बोर्बन 1910 चं, ओरिओ 1912 चं. 2008 मध्ये ओरिओ ब्रिटनमध्ये गाजावाजा करत आलं, तेव्हा क्रीमचं चॉकलेटी बिस्कीट खाऊन तिथे तीन पिढ्या मोठ्या झाल्या होत्या. नवीन होती ती खायची रीत. टीव्हीवर जाहिरात लागायची : फिरवून उघडा, क्रीम चाटा, दुधात बुडवा. ज्यांच्या घरात बिस्कीट चहात बुडवतात त्यांना गार दुधाचा पेला समोर ठेवायला सांगत होते.

मी तिन्ही बुडवून पाहिली. आधी डायजेस्टिव्ह. एडिनबरोचं हे बिस्कीट 1892 पासूनचं, जाडसर गव्हाचं. चहा ते झटकन पितं, कडेने मऊ पडतं, आत जरा रवाळ राहतं, आणि वेळेत काढलं तर जिभेवर विरघळतं. मग मारी. तिची गोष्ट तुम्हाला सांगायला नको. एक क्षण जास्त झाला की अर्धी मारी कपाच्या तळाशी. शेवटी ओरिओ. चकती घट्ट आहे, चहा चटकन आत शिरत नाही, पण क्रीम मात्र लगेच सुटतं. चहावर स्निग्ध थर तरंगतो आणि हातात दोन सुट्या चकत्या उरतात. गार दुधात यातलं काहीच होत नाही. तिथे क्रीम घट्ट राहतं आणि चकत्या हळूहळू मऊ पडतात. हे बिस्कीट दुधासाठीच घडवलेलं आहे, त्याला चहात बुडवून नावं ठेवणं मला बरोबर वाटत नाही.

बुडवण्यावर खरोखरच संशोधन झालं आहे. लेन फिशर या भौतिकशास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस ब्रिस्टलमध्ये ते केलं. बिस्किटातल्या बारीक पोकळ्यांतून चहा वर चढतो, जसं तेल वातीत चढतं. त्यांचा सल्ला असा की बिस्कीट आडवं धरा आणि एकच बाजू ओली होऊ द्या. वरची कोरडी बाजू भार पेलते. करून बघा, फरक पडतो.

युरोपात ओरिओबद्दल बोलणं निघालं की पहिला आक्षेप येतो गोडाचा. पुड्याच्या मागचा तक्ता वाचला की तो आक्षेप पटतो. तिथे विकल्या जाणाऱ्या ओरिओमध्ये 100 ग्रॅमला साधारण 38 ग्रॅम साखर असते. साध्या डायजेस्टिव्हमध्ये 15-16. दुसरा आक्षेप क्रीमवर. त्याला क्रीम म्हणतात खरं, पण ते मुख्यतः साखर आणि पाम तेल आहे. ज्यांच्या बिस्किटाच्या नावातच लोणी आहे त्या फ्रेंच माणसाला हे खटकणारच.

पण नुसतं गोडावर हे प्रकरण संपत नाही. मुख्य अडचण वेळेची आहे, असं मला वाटतं. तिथल्या बिस्किटांना दिवसातली आपापली वेळ ठरलेली आहे. इटलीत बिस्कीट सकाळचं. मोठ्या वाडग्यात दूध-कॉफी आणि त्यात बुडवायला मूठभर बिस्किटं, हीच अनेक घरांची न्याहारी. तिथे पान दी स्तेल्ले नावाचं एक बिस्कीट आहे, 1983 चं. कोकोचं, आणि वर साखरेच्या 11 पांढऱ्या चांदण्या. आपण चकलीचे वेढे मोजतो तशा इटालियन मुलांनी या चांदण्या मोजल्या असतील. दोन चकत्यांमधलं क्रीमही त्यांच्याकडे होतंच. रिंगो, 1967 चं, एक चकती काळी आणि एक पांढरी. स्पेनमध्ये आपलीच मारी, तिथली मारिया. यादवी युद्धानंतरच्या ओढगस्तीच्या काळात ती घराघरांत पोचली आणि दूध-कॉफीबरोबर कायमची राहिली. फ्रान्समध्ये चार वाजता मुलांचं खाणं असतं, त्याला गुते म्हणतात, आणि त्या वेळेला पती-बर असतं, नाहीतर मध्ये चॉकलेट भरलेलं प्रिन्स.

ओरिओला शिरकाव मिळाला तो याच चारच्या खाण्यात, मुलांच्या डब्यांत आणि तरुणांच्या खोल्यांत. न्याहारीच्या वाडग्यात आणि चहाच्या कपाशेजारी त्याला फारशी जागा झाली नाही.

(दृश्य : जर्मनी, हॅनोव्हर. जुन्या कचेरीच्या दर्शनी भिंतीवर दोन पुरुषाकृती, मध्ये लटकलेलं सोनेरी बिस्कीट.)

बिस्किटावर एखाद्या शहराचा किती जीव असतो ते हॅनोव्हरला कळतं. 1891 मध्ये हर्मान बाल्सेन यांनी इथे लोण्याचं बिस्कीट काढलं, तेही 52 दात्यांचं, आणि त्याला शहरातले थोर तत्त्वज्ञ लाइबनिट्स यांचं नाव दिलं. पुड्यावर इंग्रजीत केक्स लिहिलं होतं. जर्मन माणसं ते भलतंच वाचत. शेवटी 1911 मध्ये बाल्सेननी उच्चाराप्रमाणे स्पेलिंग बदललं आणि केक्स हा शब्द जर्मन शब्दकोशात गेला. एका बिस्किटाने भाषेला शब्द दिला.

जानेवारी 2013 मध्ये कंपनीच्या भिंतीवरचं हे 20 किलोचं सोनेरी बिस्कीट चोरीला गेलं. मग वर्तमानपत्राकडे पत्र आलं, सोबत फोटो. फोटोत ते बिस्कीट हातात धरून उभा होता कुकी मॉन्स्टर, अमेरिकन टीव्हीवरचा तो निळा, झिपरा, खादाड बाहुला. मागणी होती की रुग्णालयातल्या मुलांना बिस्किटं वाटा. कंपनीने सांगितलं, आमचं बिस्कीट परत द्या, आम्ही 52 संस्थांना मिळून 52,000 पुडे देतो. फेब्रुवारीत एका सकाळी ते सोनेरी बिस्कीट सापडलं, लाइबनिट्स यांच्याच नावाच्या विद्यापीठासमोर, घोड्याच्या पुतळ्याच्या गळ्यात लाल फितीने बांधलेलं. चोर कोण ते कळलं नाही. मुलांना बिस्किटं मिळाली.

(दृश्य : दोन पुडे पालथे केलेले. कॅमेरा मागच्या बारीक अक्षरांवर.)

आता पाहुणा कोण आणि घरचं कोण, हे ठरवायला हे बारीक अक्षर वाचावं लागतं. 2007 मध्ये क्राफ्ट या अमेरिकन कंपनीने ल्यू विकत घेतलं, 2010 मध्ये इंग्लंडचं कॅडबरी. 2012 मध्ये हे सगळं माँडेलीझ या नव्या नावाखाली आलं, ओरिओसकट. म्हणजे नांतचं पती-बर आणि न्यूयॉर्कचं ओरिओ आज एकाच मालकाची आहेत. ब्रिटनसाठी ओरिओ करायला शेफील्डचा कॅडबरीचा कारखाना निवडला गेला. मिल्का चॉकलेटच्या जांभळ्या वेष्टनात, कॅडबरीच्या वडीत, आइस्क्रीमवर, चीजकेकच्या तळाशी ओरिओचा चुरा सापडतो. अख्ख्या चकतीला कपाशेजारी जागा मिळाली नाही, चुरा मात्र सगळीकडे पोचला.

दोन्ही जुने कारखाने आता बिस्किटं करत नाहीत. चेल्सीच्या इमारतीत बाजार भरतो, खाण्याची दुकानं आहेत. नांतचा कारखाना 1986 मध्ये शहराबाहेर गेला आणि जुन्या इमारतीत सांस्कृतिक केंद्र आलं. त्याचं नाव ल लिय्यू युनिक. त्याचीही आद्याक्षरं तीच, ल आणि यू. वरचा जुना मनोरा पुन्हा बांधून काढला आहे. त्यात चढून गेलं की नांतची छपरं दिसतात.

(दृश्य : पुन्हा तीच बशी. एक लहान हात चौकोनी बिस्कीट उचलतो.)

पहिला कान. दुसरा. बिस्कीट फिरवलं. तिसरा. चौथा.