चार फूट पाण्यातले शेजारी

मी आज ज्या पाण्याविषयी बोलणार आहे ते जेमतेम चार फूट खोल आहे. इंग्लंडच्या मध्य भागातले कालवे मधोमध साधारण एवढेच खोल असतात, आणि काठाशी तर गुडघाभरही पाणी नसतं. या पाण्यावर दोन प्रकारची माणसं आपला हक्क सांगतात. एक बोटवाले आणि दुसरे गळ टाकून बसणारे. दोघंही त्यासाठी पैसे मोजतात, आणि दोघंही हे पाणी सोडून दुसरीकडे जायला तयार नसतात. मी स्वतः बोटवाली आहे. गळवाल्यांची बाजू मला त्यांच्याशेजारी काठावर बसून, त्यांना विचारून विचारून समजली. या दोघांचं भांडण बहुतेक वेळा उर्मटपणातून होत नाही, अज्ञानातून होतं. त्यातही सगळ्यात जास्त नुकसान चांगल्या मनाने केलेल्या गोष्टींनी होतं. ते कसं, हेच मला आज सांगायचं आहे.

आपल्याकडे कालवा म्हटलं की खडकवासल्यापासून निघालेलं, शेताकडे धावणारं पाणी डोळ्यांसमोर येतं. इंग्लंडचे कालवे मालवाहतुकीसाठी खणले गेले. १७६१ साली ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरने वर्स्लीच्या आपल्या खाणीतला कोळसा मँचेस्टरच्या दिशेने कालव्यातून पाठवायला सुरुवात केली. जेम्स ब्रिंडली हा त्यामागचा अभियंता. रस्त्यावर घोडा गाडीतून जेवढं ओझं ओढतो त्याच्या कितीतरी पट तो पाण्यावरून ओढतो, हे एकदा दिसल्यावर पुढच्या साठ-सत्तर वर्षांत देशभर कालव्यांचं जाळं तयार झालं. घोड्याला चालण्यासाठी पाण्याच्या कडेने जी वाट ठेवली तो टोपाथ. जुन्या पुलांच्या लोखंडी कोपऱ्यांवर अजून दोरांनी घासून पडलेल्या खाचा दिसतात. लंडनच्या रीजंट्स कालव्यावर एका पुलाच्या खांबांना तर दोन्ही बाजूंनी खाचा आहेत. १८७४ साली त्या पुलाखाली बंदुकीच्या दारूने भरलेल्या बोटीचा स्फोट झाला, पूल कोसळला, आणि पुन्हा उभारताना तेच खांब फिरवून बसवले. मग दोर दुसऱ्या बाजूने घासू लागला.

टोपाथची एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे. तो एकाच काठाला असतो. पलीकडच्या काठावर कुणाचं शेत, कुणाच्या घरामागची बाग, नाहीतर नुसती झुडपं आणि लव्हाळी. तिकडे माणसाचा पाय फारसा पडत नाही. साहजिकच मासे तिकडे जातात.

रेल्वे आली आणि कालव्यांचा धंदा हळूहळू बसत गेला. १९४८ साली बहुतेक कालवे सरकारकडे आले. १९६२-६३च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठून राहिले आणि नॅरोबोटींवरची, म्हणजे या कालव्यांवरच्या लांबट, अरुंद बोटींवरची, उरलीसुरली मालवाहतूकही जवळपास संपली. या पडत्या काळात कालव्याकडे नियमित येणारा माणूस कोण होता? गळवाला. बर्मिंगहॅम, शेफील्ड, मँचेस्टर, स्टोक इथले कारखान्यांतले आणि खाणींतले कामगार रविवारी सकाळी टोपली आणि काठी घेऊन काठावर येऊन बसत. त्यांच्या क्लबांनी मासेमारीचे हक्क भाड्याने घेतले होते. दुसरीकडे १९४६ साली स्थापन झालेल्या इनलँड वॉटरवेज असोसिएशनने कालवे बोटींसाठी खुले राहावेत म्हणून चळवळ चालवली, आणि पुढे स्वयंसेवकांनी गाळ उपसून, लॉकचे, म्हणजे बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या पाण्याच्या हौदांचे, दरवाजे बसवून मृत कालवे जिवंत केले. म्हणजे कालवा वाचवला कोणी, या प्रश्नावर दोघांचेही दावे खरे आहेत. हे मान्य न करता पुढे बोलण्यात अर्थ नाही.

आज इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २००० मैलांचे जलमार्ग कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते. २०१२ साली तिने सरकारी महामंडळाकडून हे काम घेतलं. बोटवाल्याला तिचा परवाना घ्यावा लागतो. राहण्याजोग्या नॅरोबोटीचा परवाना वर्षाला सहज हजार पौंडांच्या पुढे जातो. त्यामुळे ‘आम्ही हजार भरतो, हे काय भरतात?’ असं माझ्या बोटवाल्या मंडळींच्या तोंडी नेहमी येतं. गळवाल्यालाही परवाना लागतो, पण इंग्लंडमध्ये तो पैसा एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी पर्यावरण संस्थेकडे जातो. त्याशिवाय क्लब ट्रस्टला भाडं देतो आणि सभासद क्लबला वर्गणी देतो. रक्कम लहान असेल, पण माणूस फुकटा नाही.

आता पाण्यात उतरू या. कालवा आडवा कापून बघितला तर तो खोलगट ताटासारखा दिसेल. मधोमध बोटींच्या जाण्यायेण्याने कोरलेला खोल पट्टा, आणि दोन्ही बाजूंना उथळ पायरी. गळवाल्याच्या हातात कार्बन फायबरचा पोल असतो. त्याचे तुकडे एकात एक बसवून तो अकरा, तेरा, प्रसंगी सोळा मीटरपर्यंत लांब होतो. एवढा लांब कशासाठी? पलीकडच्या काठाजवळच्या त्या उथळ पायरीवर, लव्हाळ्याच्या कडेला, बरोबर हव्या त्या जागी गळ टेकवता यावा म्हणून. तिथे तो सकाळपासून चिमूटभर पावाचा चुरा, थोड्या अळ्या, भिजवलेलं भांगेच्या झाडाचं बी असं सोडत राहतो. रोच, पर्च, गजन, ब्रीम असे मासे हळूहळू त्या ठिकाणी जमतात. स्पर्धा असेल तर पाच तासांत कुणी किती वजनाचे मासे धरले ते मोजतात आणि मग सगळे मासे जिवंत पाण्यात सोडून देतात. आपल्या कोकणातल्या माणसाला हे ऐकून नवल वाटेल, पण तिथे या माशांना सहसा कोणी घरी नेत नाही. पाच तासांची सारी मेहनत त्या एका परातीएवढ्या जागेवर केलेली असते.

आणि आता एक सभ्य बोटवाला येतो. त्याला लांबून काठावर बसलेला माणूस दिसतो. तो मनात म्हणतो, बिचाऱ्याला त्रास नको, जरा लांबून जाऊ. सुकाणूचा दांडा वळवतो आणि बोट पलीकडच्या काठाला नेतो. म्हणजे नेमकी त्या परातीवरून. पंधरा-सतरा टनांची बोट, पाण्याखाली दोन-अडीच फूट बुडालेली, बोट ढकलणारा मागचा पंखा गाळाशी घासतोय. आमिष उधळलं जातं, मासे पांगतात, आणि काठावरचा माणूस काहीतरी रागाने ओरडतो. बोटवाल्याला कळत नाही की आपण एवढं सांभाळून गेलो तरी हा का चिडला. तो पुढच्या लॉकवर सांगतो, गळवाले म्हणजे भलतेच तिरसट. ही गोष्ट दर शनिवार-रविवारी शेकडो ठिकाणी घडते.

गळवाल्याला खरं हवं असतं ते एवढंच की बोटीने मधूनच जावं. मधला पट्टा बोटींचा आहे हे त्याला मान्य आहे. तिथला गाळ ढवळला गेला तर त्यातले बारीक जीव वर येतात आणि बोट गेल्यावर काही मिनिटांत मासे उलट जोमाने खायला लागतात, असं जुने गळवाले सांगतात. हिवाळ्यात, बोटी बंद असताना, पाणी काचेसारखं स्वच्छ होतं आणि मासे दबून बसतात. तेव्हा एखादी बोट यावी म्हणून वाट बघणारे गळवालेही मला भेटले आहेत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बोटी पूर्ण थांबल्या तर असा उथळ कालवा काही वर्षांत पाणवनस्पतींनी आणि लव्हाळ्यांनी भरून जातो. मग गळ टाकायलाही मोकळं पाणी उरत नाही. बोटी फार झाल्या तर वनस्पती नष्ट होतात, पाणी कायम गढूळ राहतं आणि काठ ढासळतात. प्रमाण सांभाळणं हे ट्रस्टचं आणि आम्हा सगळ्यांचं काम आहे.

गळवाल्यांच्याही समजुती चुकीच्या असतात, आणि त्या चांगल्या मनाच्याच असतात असं मी म्हणणार नाही. ‘इंजिन बंद कर आणि वाहत जा’ असं कितीतरी वेळा ऐकायला मिळतं. नॅरोबोटीला ब्रेक नसतो. तिला थांबवायचं तर पंखा उलटा फिरवावा लागतो, आणि तरी ती आपल्या लांबीच्या काही पट पुढे जाते. शिवाय सुकाणू चालतं ते पंख्याने मागे फेकलेल्या पाण्यावर. इंजिन न्यूट्रलमध्ये टाकलं की सुकाणू जवळजवळ निकामी होतं. त्यात वारा असला तर साठ फुटांची बोट आडवी होऊन गळवाल्याच्याच पुढ्यात येते. म्हणून एकसारख्या, मंद गतीने जाणं हेच दोघांच्या सोयीचं. वेगाची मर्यादा तासाला चार मैल, पण मर्यादेपर्यंत जायलाच पाहिजे असं नाही. उथळ, अरुंद पाण्यात वेग वाढवला तर बोट पुढे कमी जाते आणि मागचा भाग खाली बसून लाट काठावर फुटते. बोटीच्या बाजूचं पाणी आधी ओढलं जाऊन खाली जातं, मग एकदम परत चढतं. काठाला बांधलेल्या बोटींच्या खुंट्या अशाने उपटल्या जातात. म्हणजे वेगवान बोटीचा त्रास गळवाल्याइतकाच दुसऱ्या बोटवाल्यालाही होतो.

काही जागा अशा आहेत की तिथे गळवाल्याने बसूच नये, आणि इथे मी कुठलीही सवलत द्यायला तयार नाही. लॉकच्या आधी आणि नंतर बोट टेकवायची जागा, पाणी भरण्याचा नळ, आणि बोट वळवण्यासाठी रुंद केलेला भाग. लॉकपाशी एखादा माणूस एकटा बोट चालवत असेल तर त्याला दोर हातात घेऊन काठावर उतरावंच लागतं, तिथे खुर्ची, टोपली आणि तेरा मीटरचा पोल पसरलेला असेल तर ते धोक्याचं आहे. तुटलेला तंगूसही तिथेच पाण्यात राहतो आणि पंख्यात गुंडाळला जातो. मग इंजिन बंद करून, मागच्या झाकणातून थंडगार पाण्यात हात घालून, चाकूने तो एकेक वेढा कापत बसायचं. विजेच्या तारांखाली बसण्याबद्दल तर बोलायलाच नको. कार्बनच्या पोलातून वीज वाहते. तिथे धोक्याचे फलक लावलेले असतात, तरी नव्या माणसाचं लक्ष पोलाच्या टोकाकडे असतं, वर नसतं.

अलीकडे वाद दुसऱ्याच गोष्टीवरून वाढला आहे. बोटी चालण्यापेक्षा उभ्या राहण्यावरून. १९९५च्या कायद्याप्रमाणे ज्यांना बोट बांधायला कायमची जागा नाही त्यांनी एका जागी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही, फिरत राहायचं. लंडनमधली घरभाडी परवडत नाहीत म्हणून बोटीवर राहणाऱ्यांची संख्या खूप वाढली, आणि केनेट अँड एव्हन कालव्यावर बाथ शहराच्या आसपासही तेच. टोपाथच्या कडेला मैलच्या मैल बोटी. पिढ्यानपिढ्या ज्या जागा क्लबने भाड्याने घेतल्या तिथे गळ टाकायला फटच नाही. बोटीवर राहणाऱ्या तरुण जोडप्याला मी दोष देऊ शकत नाही, त्यांचं ते घर आहे. पण क्लबने पैसे भरून घेतलेल्या पट्ट्यात, स्पर्धेच्या दिवशी तरी, आधी ठळक सूचना लावून जागा मोकळी मिळायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या क्लबचा सचिव आदल्या आठवड्यात टोपाथवरून चालत जाऊन प्रत्येक बोटीच्या दारावर टकटक करतो, त्याला बहुतेक बोटवाले जागा देतात. कागद खांबाला चिकटवून निघून जाणाऱ्याला देत नाहीत.

सायकलवाल्यांचा विषय थोडक्यात उरकते. पोल मागे ओढताना तो टोपाथवर आडवा येतो, आणि हजारो पौंडांचा पोल चाकाखाली जातो. इथे बोटवाले आणि गळवाले एका सुरात बोलतात. ट्रस्टनेही वेग कमी ठेवा म्हणून मोहिमा चालवल्या. टोपाथ मुळात चालत्या घोड्याच्या गतीसाठी बांधलेला आहे, आणि तीच गती आजही सगळ्यांना पुरते.

तुमच्यापैकी कोणाची मुलं तिकडे असतील आणि सुट्टीत भाड्याची नॅरोबोट घ्यायचा विचार असेल, तर हे ऐका. इंग्लंडमध्ये अशी बोट चालवायला कसलीही परीक्षा लागत नाही. भाड्याने देणारा माणूस तासाभरात दांडा, इंजिन, लॉक समजावून देतो आणि तुम्ही निघता. गळवाल्यांबद्दल त्यात एखादं वाक्य असलं तर असतं. तेव्हा मीच सांगते. तो दिसला की बराच आधी वेग कमी करा, अगदी त्याच्यासमोर आल्यावर नको, कारण तेव्हा पाण्याचा सगळा लोंढा त्याच्याकडेच जातो. मधूनच जा. समोरून बोट आली तर उजवीकडे सरकावंच लागेल, ते त्याला समजतं. तो पोल शेवटच्या क्षणी उचलेल, घाबरू नका, तुम्ही येताय हे त्याने कधीच पाहिलेलं असतं. पार होईपर्यंत इंजिनाचा जोर वाढवू नका. आणि तो ‘थोडं माझ्या बाजूने या’ असं हाताने खुणावत असेल, तर तसं करा. त्याचे मासे पलीकडे आहेत.