हायड्रोजन जिथे सैल बसतो

१८३३ साली इंग्लंडमध्ये जॉन बॉडल या तरुणावर आजोबांना सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, घातल्याचा खटला चालला. रसायनतज्ज्ञ जेम्स मार्श यांनी नमुन्यातून आर्सेनिकचा पिवळा साका काढला होता, पण न्यायालयात पोहोचेपर्यंत तो बिघडला आणि आरोपी सुटला. मार्श स्वस्थ बसले नाहीत. १८३६ मध्ये त्यांनी नवी कसोटी प्रसिद्ध केली.

संशयित नमुन्यात जस्त आणि सौम्य गंधकाम्ल घालायचं. हायड्रोजन सुटू लागतो आणि सोमल असेल तर त्याच्यासोबत आर्सिन, म्हणजे आर्सेनिकचं हायड्राइड (हायड्रोजनशी झालेलं संयुग), वायुरूपात बाहेर पडतं. हा वायू काचेच्या अरुंद नळीतून सोडायचा आणि नळी एका जागी ज्योतीवर धरायची. उष्णतेने आर्सिन फुटतं आणि तापलेल्या भागाच्या जरा पुढे, काच थंड असते तिथे, काळपट-तपकिरी, चकाकता थर धरतो. तेच आर्सेनिक. अँटिमनीही असाच थर देतं. पण सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण घातलं की आर्सेनिकचा थर विरघळतो, अँटिमनीचा राहतो. हे कुणी घरी करून पाहू नये. आर्सिन अत्यंत विषारी आहे. त्यावर काम करणारे जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेलेन १८१५ मध्ये त्यानेच दगावले.

आता असं पाहा, नळीत अमोनिया, म्हणजे नायट्रोजनचं हायड्राइड, सोडला असता तर एवढ्याशा ज्योतीने काही झालं नसतं. नायट्रोजन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे सुमारे ३९१ किलोज्यूल लागतात, अँटिमनी-हायड्रोजनला सुमारे २५५. नायट्रोजन, आर्सेनिक, अँटिमनी, बिस्मथ हे आवर्तसारणीच्या एकाच गणातले, म्हणजे एकाच उभ्या रांगेतले. गणात खाली जाताना अणू मोठा होतो, त्याची कक्षकं (इलेक्ट्रॉन वावरतात ते भाग) पसरट होतात आणि हायड्रोजनच्या चिमुकल्या कक्षकाशी त्यांचा मेळ नीट बसत नाही. बिस्मथचं हायड्राइड तर साध्या तापमानाला टिकतच नाही. १९१८ मध्ये फ्रिट्झ पानेट यांनी किरणोत्सारी बिस्मथ वापरून ते ओळखलं: वायू दिसण्याइतकाही नव्हता, पण त्याच्यासोबत किरणोत्सार वाहत गेला.

पाठ्यपुस्तकं इथे ‘स्थैर्य कमी होत जाते’ असं लिहून पुढे जातात. मला ते फार खटकतं, कारण खरी गंमत इथूनच सुरू होते. बंध कमजोर म्हणजे हायड्रोजन सहज देता येतो. ट्रायब्युटिल टिन हायड्राइड हे कथलाचं संयुग सेंद्रिय रेणूतला ब्रोमीन काढून त्या जागी हायड्रोजन बसवतं, ते याच जोरावर. त्याचे कथीलयुक्त अवशेष मात्र विषारी असतात आणि उत्पादनातून काढता काढता नाकी नऊ येतात.

उलट दिशेचा प्रवास, म्हणजे हायड्रोजन घेण्याचा, त्याहून विलक्षण. हायड्रोजनचा रेणू फोडावा तो प्लॅटिनम-निकेलसारख्या संक्रमण धातूंनीच, असा समज होता. २००५ मध्ये कॅलिफोर्नियात फिलिप पॉवर यांच्या गटाने जर्मेनियमच्या दोन अणूंमध्ये बहुबंध (एकाहून जास्त बंध) असलेलं संयुग घेतलं. ते अणू एकमेकांना चिकटून साखळी धरू नयेत म्हणून त्यांच्याभोवती अवजड सेंद्रिय गट बसवलेले होते. साध्या तापमानाला आणि एका वातावरण दाबाला या संयुगाने हायड्रोजन फोडून स्वतःवर घेतला, कोणत्याही उत्प्रेरकाशिवाय. पुढे कथलाच्या अशाच संयुगाने हायड्रोजन घेतला, आणि तापवल्यावर परतही दिला.