धंद्याचे लेखन आणि वाचकाचा प्रश्न

मित्रहो,

एखाद्या व्यवसायाने स्वतःच्या नावाने लिहिलेला मजकूर लोकांनी का वाचावा, या प्रश्नाचा विचार आज आपण करणार आहोत. कथा किंवा बातमी वाचक आपणहून शोधत येतो. पण नांगर, टायर, आंबे किंवा विमा विकणाऱ्याने लिहिलेले वाचताना, हा आपल्याला काहीतरी विकू पाहतो आहे, ही शंका पहिल्या ओळीपासून त्याच्या मनात जागी असते. ती शंका रास्त आहे आणि ती आकर्षक शब्दांनी फिटत नाही. तरीही असे लेखन लोकांनी आवडीने वाचल्याची आणि वर्षानुवर्षे जपून ठेवल्याची उदाहरणे सव्वाशे वर्षांपूर्वीपासून आहेत, आणि त्यांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

१९०० साली फ्रान्समध्ये मोटारींची संख्या तीन हजारांहूनही कमी होती. त्या वर्षी मिशेलिन बंधूंच्या टायर कंपनीने मोटारचालकांसाठी एक लहानशी मार्गदर्शिका काढून फुकट वाटली. टायर कसा बदलावा, पेट्रोल कोठे मिळेल, मुक्कामाला हॉटेल कोणते, ही प्रवासात खरोखर अडणारी माहिती तिच्यात होती. लोक जितका अधिक प्रवास करतील तितके टायर झिजतील, हा कंपनीचा हिशेब उघड होता. परंतु त्या हिशेबासाठी वाचकाच्या हाती पडली ती टायरची स्तुती नव्हती, तर त्याला रस्त्यावर उपयोगी पडणारी वस्तू होती. उपयोग इतका पटला की १९२० पासून ती विकत मिळू लागली, आणि लोकांनी ती पैसे देऊन घेतली.

आपल्याकडचे उदाहरण मला याहून मोलाचे वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडामुळे जमिनीत विष पसरेल, या समजुतीने शेतकरी त्याला हात लावायला तयार नव्हते. म्हणजे अडचण नांगराच्या दर्जाची नव्हती, शेतकऱ्याच्या मनातल्या प्रश्नाची होती, आणि वस्तूची कितीही वाखाणणी केली तरी त्या प्रश्नाचे उत्तर मिळत नव्हते. पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली तेथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती देणारे पत्रक, एवढेच त्याचे आरंभीचे रूप होते. संपादक शंकरराव किर्लोस्कर हे मुळात चित्रकार. त्यांनी त्याची कक्षा हळूहळू वाढवत नेली. उद्योग, आरोग्य, विज्ञान, समाजसुधारणा असे विषय त्यात आले आणि कारखान्याच्या पत्रकाचे मराठीतले एक प्रमुख मासिक झाले. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे त्याच घरातून निघाली. नांगर किंवा पंप कधीच विकत न घेणाऱ्या घरांतही किर्लोस्कर हे नाव आदराने घेतले जाऊ लागले, यात या मासिकांचा वाटा फार मोठा आहे, असे माझे मत आहे. अमेरिकेत नांगर बनवणाऱ्याच जॉन डीअर कंपनीने १८९५ साली शेतकऱ्यांसाठी 'द फरो' हे नियतकालिक सुरू केले आणि ते आजही निघते. शेतकऱ्याशी व्यवहार करणाऱ्या दोन कारखान्यांना, दोन खंडांत, आधी शेतकऱ्याला उपयोगी पडणारे काही लिहावे असे वाटले, हा योगायोग मला बोलका वाटतो.

आता आजच्या व्यवसायाकडे येऊ, आणि एकच उदाहरण नीट तपासू. रत्नागिरी किंवा देवगडकडचा एखादा हापूस बागायतदार थेट ग्राहकाला पेट्या पाठवतो, असे समजा. तो लिहायला बसतो तेव्हा बहुधा बागेचा इतिहास, कुटुंबाची परंपरा आणि 'सर्वोत्तम दर्जा हेच आमचे ध्येय' एवढे लिहून थांबतो. पुण्यातल्या किंवा इंदूरमधल्या ग्राहकाच्या मनात मात्र वेगळेच प्रश्न असतात. पेटी आली, फळे अजून हिरवी आहेत, तर ती किती दिवस ठेवायची? फ्रिजमध्ये ठेवली तर चालेल का? पेंढा नसेल तर फळे पिकवायला आढी कशी घालायची? हापूस म्हणून घेतलेला आंबा कर्नाटकातला नाही, हे कशावरून? भौगोलिक मानांकन म्हणजे नेमके काय, आणि २०१८ साली ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला मिळाले, त्याचा ग्राहकाला उपयोग काय? यांतल्या प्रत्येक प्रश्नावर एक स्वतंत्र लेख होऊ शकतो, आणि तो लिहिण्याइतके ज्ञान बागायतदाराजवळ आधीपासून असते. दूरध्वनीवर तो हीच उत्तरे दिवसभर देत असतो. म्हणून विषय शोधण्यासाठी बाहेर जाण्याआधी त्याने हंगामात आलेले प्रश्न ग्राहकांच्याच शब्दांत वहीत उतरवून ठेवावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

याच यादीत एक प्रश्न असा असतो की ज्यावर लिहायला कोणी धजत नाही. तो म्हणजे साका. बाहेरून सुरेख दिसणारे फळ कापल्यावर आत पांढुरके, स्पंजासारखे निघते, आणि ग्राहकाला वाटते की आपल्याला फसवले. साका फळ कापल्याशिवाय दिसत नाही. उष्णतेशी आणि फळ झाडावर अधिक पक्व होण्याशी त्याचा संबंध जोडला जातो. फळ थोडे आधी, पक्वतेच्या सुमारे ८० ते ८५ टक्क्यांवर उतरवले तर त्याचे प्रमाण कमी होते. ही माहिती आणि साका निघाल्यास आपण काय भरपाई देतो हे ज्या बागायतदाराने आधीच स्पष्ट लिहून ठेवले आहे, त्याच्याविषयी वाचकाच्या मनात जो विश्वास तयार होतो, तो कोणत्याही जाहिरातीने तयार होणार नाही. विक्रेता स्वतःच्या मालाची मर्यादा सांगतो तेव्हाच त्याने केलेली स्तुतीही खरी मानली जाते.

किमतीचेही तसेच आहे. 'दरासाठी संपर्क साधा' या वाक्यापाशी कितीतरी वाचक परत फिरतात. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात पोहण्याचे तलाव बसवणाऱ्या रिव्हर पूल्स या कंपनीने २००९ च्या मंदीत, फायबरग्लासच्या तलावाला खर्च किती येतो, या प्रश्नाचे सविस्तर उत्तर लिहून प्रसिद्ध केले. त्या व्यवसायात किंमत उघड बोलण्याची रीत नव्हती. कंपनीचे भागीदार मार्कस शेरिडन पुढे जाहीरपणे सांगत आले आहेत की त्या एका लेखामुळे लाखो डॉलरचे काम आले. त्यात एकच एक आकडा दिलेला नव्हता. खर्च कशाने वाढतो आणि कशाने कमी होतो, हे दिले होते. आपल्या बागायतदारालाही मार्चमधली पेटी महाग का आणि मे महिन्यात भाव का उतरतो, फळाच्या वजनावर दर कसा ठरतो, हे लिहिता येईल.

भाषेविषयी माझे म्हणणे थोडे कठोर आहे. मराठीतले बरेचसे व्यावसायिक लेखन इंग्रजीत आधी तयार होते आणि मग शब्दाला शब्द लावून मराठीत आणले जाते. 'ग्राहकांच्या गरजांसाठी सर्वसमावेशक उपाय प्रदान करण्यास आम्ही कटिबद्ध आहोत' असे वाक्य कोणत्याही दुकानाच्या गल्ल्यावर कधी कोणी उच्चारलेले नाही, आणि ते वाचून कोणाला काही कळतही नाही. १९९८ साली अमेरिकेच्या रोखे नियामकाने सोप्या भाषेविषयी एक पुस्तिका काढली. तिच्या प्रस्तावनेत प्रसिद्ध गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी लिहिले होते की आपल्या कंपनीच्या भागधारकांना वार्षिक पत्र लिहिताना ते आपल्या दोन बहिणींशी बोलत असल्याची कल्पना करत. त्या हुशार होत्या, पण हिशेबशास्त्रातल्या तज्ज्ञ नव्हत्या. ही कल्पना मराठीत फार सहज उतरते, कारण आपल्याकडे गिऱ्हाइकाला ताई, काका, मावशी म्हणूनच बोलावले जाते. त्या मावशींना जे जसे सांगाल ते तसेच लिहावे. आढी, साका, पेटी हे शब्द तसेच ठेवावेत आणि दूरच्या वाचकासाठी त्यांचा अर्थ वाक्यातच उलगडावा.

पडद्यावरचा वाचक शब्दन् शब्द वाचत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. संकेतस्थळे लोक कशी वापरतात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ७९ टक्के लोक नव्या पानावरून नुसती नजर फिरवत होते. त्यामुळे प्रश्नाचे उत्तर पहिल्या परिच्छेदातच द्यावे आणि कारणमीमांसा नंतर मांडावी. उत्तर शेवटपर्यंत राखून ठेवले म्हणजे वाचक थांबतो, हा समज मला मुळीच पटत नाही. शोधयंत्रासाठी एकच शब्द दहा वेळा पेरण्याच्या प्रकाराबद्दल तर अधिक बोलण्याची गरज नाही. त्याने वाक्य बिघडते आणि वाचक जातो.

एकदा आलेला वाचक पुन्हा येतो, तो ठरावीक वेळी काही मिळेल या भरवशावर. मासिकांना हे नियमितपणामुळे साधत असे. आठवड्याला तीन लेखांचा संकल्प करून दुसऱ्या महिन्यात थांबण्यापेक्षा महिन्याला एकच लेख, पण ठरलेल्या तारखेला, हे लहान व्यवसायाला झेपणारे आहे. शिवाय हंगामी धंद्यात लेख जुने होतात. गेल्या वर्षीचा दर, बंद झालेली वाहतूक सेवा, बदललेले नियम तसेच राहिले तर तोच लेख वाचकाला चुकीची माहिती देऊ लागतो. म्हणून आंबेवाल्याने फेब्रुवारीत, पहिली पेटी भरण्याआधी, जुने सारे लेख एकदा वाचावेत, दर आणि भरपाईच्या अटी तपासाव्यात, दुरुस्तीची तारीख वर लिहावी, आणि गेल्या हंगामाच्या वहीतला जो प्रश्न अजून अनुत्तरित आहे, त्यावर नवा लेख लिहायला घ्यावा.