शेवटच्या प्रयोगानंतरचे चार दिवस

(दृश्य: प्रयोग संपलेला रंगमंच. वायरी गुंडाळल्या जात आहेत, पोशाख पेट्यांत जात आहेत.)

पडदा पडलाय. टाळ्या थांबल्यात. अकरा दिवसांत तीन देश आणि पाच प्रयोग करून हा चोवीस जणांचा संच उद्या परतणार. अशा वेळी विंगेतून एक वाक्य हमखास ऐकू येतं : "एवढ्या लांब आलोच होतो, अजून चार दिवस राहिलो असतो तर?"

जवळजवळ प्रत्येक परदेश दौऱ्यात कुणीतरी हे वाक्य म्हणतं, आणि नेमकं याच रात्री म्हणतं. म्हणजे साधारण आठ महिने उशिरा.

(दृश्य: तालमीची खोली. फळ्यावर तारखांची उभी-आडवी रेघोटी.)

म्हणून आपण आठ महिने मागे जाऊ. दौरा अजून कागदावरसुद्धा नीट उतरलेला नाही. आयोजकाचं पत्र आलंय, नाचाच्या जागा बदलायच्या आहेत, एका गायिकेला सुटी मिळेल की नाही ते ठरायचंय. या गडबडीत व्यवस्थापक सगळ्यांना एक प्रश्न विचारतो : प्रयोग संपल्यावर कोणाकोणाला मागे राहायचंय? आत्ता सांगा.

लोक हसतात. अजून जायचं नक्की नाही आणि हा मागे राहायचं विचारतोय! पण प्रश्न बरोबर वेळी आलाय. परदेश दौऱ्यातला सर्वांत जड खर्च असतो जाण्यायेण्याचा, आणि तो दौऱ्यासाठी होणारच असतो. वाढवलेल्या मुक्कामाला लागतं ते राहणं, जेवण आणि थोडा प्रवास. पहिल्या दिवशी ठरवलं तर आयुष्यातली ही सर्वांत स्वस्त सहल होते. शेवटच्या रात्री ठरवली, तर तेच चार दिवस तिकीट बदलण्याच्या दंडात बुडतात.

नऊ हात वर होतात. बाकी पंधरा जणांना घरी परतायचंय.

(दृश्य: संगणकाचा पडदा. विमानांच्या वेळा.)

आता तिकिटं. गटाने घेतलं की स्वस्त पडतं, हा समज फार पक्का आहे. विमानात ते नेहमी खरं ठरत नाही. एकाच विमानाच्या साध्या वर्गातसुद्धा दरांच्या अनेक पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवर मोजक्याच जागा. समजा, सर्वांत खालच्या पायरीवर चार जागा शिल्लक आहेत आणि तुम्ही एकदम नऊ मागितल्या, तर यंत्रणा नऊच्या नऊ जणांना वरच्या पायरीचा दर दाखवते. त्या चार स्वस्त जागा तिथेच असतात, फक्त तुम्हाला दिसत नाहीत. त्यामुळे आधी एका माणसाचा दर पाहावा, मग चौघांचा, मग सगळ्यांचा. आकडा कुठे उडी मारतो ते लगेच कळतं.

बहुतेक विमान कंपन्या दहा किंवा त्याहून जास्त प्रवाशांना 'गट' मानतात. गटाच्या तिकिटाचा खरा फायदा दरापेक्षा सवलतींत असतो : आधी अनामत भरायची, बाकी पैसे नंतर, नावं उशिरा दिली तरी चालतात. ज्या संचात शेवटच्या महिन्यात दोघं गळतात आणि एक नवा येतो, त्याच्यासाठी ही मोठीच सोय. पण अट अशी, की गट एकत्र जाणार आणि एकत्र येणार. काही कंपन्या थोड्या प्रवाशांना परतीची वेगळी तारीख देतात, मात्र ते करारातच लिहून घ्यावं लागतं.

आपल्या संचाने सरळ दोन भाग केले. पंधरा जणांचं गटाचं तिकीट. नऊ जणांची साधी तिकिटं. एका साध्या बुकिंगमध्ये सहसा नऊच नावं बसतात, हा योगायोग इथे कामी आला. जाताना विमान एकच. परतताना नऊ जणांनी वेगळं शहर निवडलं : उतरायचं एका शहरात, परतायचं दुसऱ्याच शहरातून. भटकून झाल्यावर पुन्हा पहिल्या शहरात येण्याचा एक दिवस आणि एक भाडं वाचलं.

इथे एक चूक फार होते. कुणीतरी शहाणा म्हणतो, साधं जाण्यायेण्याचं तिकीट काढू आणि मधला एखादा टप्पा सोडून देऊ. एक टप्पा न वापरता सोडला की त्या तिकिटावरचे पुढचे सगळे टप्पे कंपनी सहसा रद्द करते. परतीच्या दिवशी विमानतळावर हे कळणं ही काही गंमत नव्हे.

(दृश्य: पासपोर्टांचा गठ्ठा, त्यावर रबर बँड.)

तिकिटापेक्षा घोडं जास्त अडतं ते व्हिसावर. व्हिसा मिळतो तो सांगितलेल्या तारखांसाठी आणि सांगितलेल्या कामासाठी. युरोपातल्या शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, आज २९ देश आहेत, आणि अल्पकाळाच्या मुक्कामाचा तिथला नियम असा : कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. हे वाचून माणूस निश्चिंत होतो, आपल्याला तर पंधराच दिवस राहायचंय! पण व्हिसावर छापलेल्या दिवसांची संख्या वेगळी असू शकते, आणि बंधनकारक तीच. अकरा दिवसांचा कार्यक्रम दाखवून अकरा दिवसांचा व्हिसा घेतला आणि पंधरा दिवस राहिलो, तर पुढचे चार दिवस बेकायदा. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि छायाचित्र नोंदवणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने आली आहे. दिवस आता यंत्र मोजतं.

म्हणजे वाढीव दिवस अर्जातच दाखवायचे. या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, तोही पूर्ण मुक्कामाचा. संचाचा सामूहिक विमा शेवटच्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी संपत असेल, तर मागे राहणाऱ्यांनी पुढचा विमा आपापला काढायचा.

नकाशाही नीट वाचावा लागतो. आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेनमध्ये नाही. ब्रिटन दोन्हींत नाही. पॅरिसला प्रयोग झाला, मध्ये दोन दिवस लंडन पाहिलं आणि परतीचं विमान पुन्हा पॅरिसहून, असा बेत असेल, तर ब्रिटनचा स्वतंत्र व्हिसा लागतो का ते पाहायचं, आणि शेंगेन व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा हवा. एका प्रवेशाचा असेल तर लंडनला जाता येईल. पॅरिसला परतता येणार नाही.

अमेरिकेत कलाकारांच्या संचासाठी 'पी' वर्गाचे व्हिसा आहेत, आणि त्यात या चित्रफितीच्या दृष्टीने फार कामाची एक तरतूद आहे. मंजूर कालावधीच्या आधी जास्तीत जास्त १० दिवस आणि नंतर जास्तीत जास्त १० दिवस देशात राहू देता येतं. ते द्यायचे की नाही, हे प्रवेशाच्या वेळी अधिकारी ठरवतो. मात्र त्या दिवसांत काम करता येत नाही.

काम म्हणजे काय, यावर तालमीच्या खोलीत बराच वाद झाला. कुणाच्या ओळखीच्यांनी विचारलं होतं, राहणारच आहात तर घरगुती मैफल करा, पाकीट देऊ. कानाला गोड वाटतं. पण व्हिसा ज्या कार्यक्रमांसाठी मिळालाय त्यांच्या बाहेरचा हा कार्यक्रम, आणि त्याची किंमत पुढच्या प्रत्येक दौऱ्यात मोजावी लागू शकते. पाकीट नाकारलं गेलं. दोघं-तिघं अजून हळहळतात.

(दृश्य: वाद्यांच्या पेट्या. एक माणूस यादी वाचतोय, दुसरा खुणा करतोय.)

माणसांसाठी पासपोर्ट असतो, तसा मालासाठीही असतो. त्याला म्हणतात एटीए कार्नेट. १९६१ साली ब्रुसेल्समध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारातून तो आला. वाद्यं, नेपथ्य, दिवे, पोशाख यांची यादी करायची, तारण द्यायचं, आणि मग आयातकर न भरता हा माल तात्पुरता परदेशात नेता येतो. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. यादीतलं सगळं परत आणायचं. विकायला नेलेल्या सीडी, वाटायची पत्रकं, वापरून संपणारा रंगभूषेचा माल यात बसत नाही.

यातली गोची लोकांना सहसा सीमेवरच कळते. माणसांची सीमा आणि मालाची सीमा एक नसते. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, म्हणून बस बऱ्याचदा न थांबता आत जाते, पासपोर्ट कुणी मागत नाही. पण स्वित्झर्लंड युरोपीय संघाच्या सीमाशुल्क क्षेत्रात नाही. कार्नेट घेऊन जाणाऱ्याने तिथे स्वतःहून उतरून, कचेरी शोधून शिक्का मारून घ्यायचा. झोपेत सीमा ओलांडली, तर महिन्यांनी कराची मागणी घरी येते.

काही वाद्यांना आणखी एक कागद लागू शकतो. शिसवीच्या कुळातल्या सगळ्या झाडांवर २०१७ साली आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले आणि वादकांची झोप उडाली. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून बहुतांशी सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवीला मात्र नाही. तिच्यावर १९९२ पासून सर्वांत कडक बंदी आहे. व्हायोलिनसारख्या वाद्याच्या जुन्या गजाच्या टोकाला हस्तिदंत असेल, तर तोही अडतो. ऑस्ट्रेलियात तर चामड्याने मढवलेलं तालवाद्य जाहीर करावंच लागतं, कारण तिथल्या अधिकाऱ्यांना कातड्यातून येणाऱ्या किडीची आणि रोगाची काळजी.

मग मागे राहणाऱ्या नऊ जणांच्या वाद्यांचं काय? सगळी पंधरा जणांबरोबर परत गेलेली बरी. चार दिवस डोक्यावर ओझं नाही, आणि यादी एकदाच जुळते. माल दोन हप्त्यांत परत न्यायचा, तर कार्नेटमध्ये परतीच्या नोंदीची जादा पानं आधीच मागून ठेवावी लागतात. एक व्हायोलिनवादक मात्र ऐकेना. वाद्य हातातून सोडणार नाही म्हणाली. शेवटी तिचं व्हायोलिन यादीतूनच काढलं आणि वैयक्तिक सामान म्हणून न्यायचं ठरलं. वाटेतल्या देशांच्या नियमांत ते बसतं का, हे विचारून.

(दृश्य: रात्रीचा रस्ता, बसच्या काचेतून.)

मुक्काम आणि प्रवास यांत पैसे वाचतात ते सौदा करून कमी, क्रम बदलून जास्त. शेवटचा प्रयोग कुठे ठेवायचा, हे आयोजकाशी बोलताना अजून हलवता येतं. नऊ जणांना जिथून पुढे जायचंय, त्याच शहरात शेवटचा प्रयोग लावला, की पोहोचण्याचा खर्च दौऱ्यातच भागतो. हॉटेलशी करार करतानाच विचारायचं : गटाचा दर आधीच्या आणि नंतरच्या रात्रींनाही द्याल का? बरेच जण देतात. नंतर विचारलं की त्याच खोलीचा दर रोजच्या भावाने.

युरोपात बसचालकाचे तास कायद्याने बांधलेले आहेत. दिवसाला साधारण ९ तास चालवणं, साडेचार तासांनी ४५ मिनिटं थांबणं, रात्री सलग विश्रांती. प्रयोगानंतर रात्री निघू, एक मुक्काम वाचवू, असं वेळापत्रक कागदावर छान दिसतं. चालक सकाळी सातपासून गाडीवर असेल तर ते होणारच नाही.

मोठ्या महोत्सवाच्या शहरात मुक्काम वाढवणं म्हणजे पैसे उधळणं, असं माझं स्पष्ट मत. १९४७ मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिनबरोच्या महोत्सवाला आठ संच बोलावणं नसताना जाऊन थडकले आणि त्यातून 'फ्रिंज' हा वेगळा महोत्सव उभा राहिला. आज ऑगस्टमध्ये त्या शहरात खोली शोधून पाहा. प्रयोग तिथे करावा आणि दुसऱ्या सकाळी गाव सोडावं. तासा-दोन तासांवरच्या लहान गावात तेच चार दिवस निम्म्या घाईत जातात.

वसतिगृहांकडे मोठी माणसं नाक मुरडतात. जर्मनीत रिशार्ड शिरमान नावाच्या एका शिक्षकाने १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युवा वसतिगृह उघडलं, तेव्हापासून ही सोय मुळात गटांसाठीच आहे. सहा-आठ खाटांची अख्खी खोली आपलीच झाली, की अनोळखी घोरण्याचा प्रश्न उरत नाही. ओळखीच्या घोरण्याला इलाज नाही.

सगळ्यात अवघड बोलणं पैशाचं. सामायिक निधी शेवटच्या प्रयोगाच्या रात्री बंद, हे आधीच लिहून ठेवलं. मानधनाचा आकडाही फसवा असतो : कलाकाराची कमाई जिथे प्रयोग झाला त्या देशात करपात्र होऊ शकते, आणि अमेरिकेत परदेशी कलाकाराच्या मोबदल्यातून सहसा ३० टक्के आधीच कापले जातात. करारातला आकडा कापण्याआधीचा की नंतरचा, हे न विचारता मानधनावर मुक्कामाचा बेत आखणारे निराश होतात. या संचाने विचारलं. उत्तर ऐकून एका दिवसाचा बेत कमी झाला. पाचाचे चार झाले.

(दृश्य: शेवटची सकाळ. हॉटेलची लॉबी.)

पंधरा जण चौदा पेट्या घेऊन विमानतळाकडे निघालेत. तिथे सामान देण्याआधी सीमाशुल्काच्या खिडकीशी थांबायचंय, म्हणून तीन तास आधीच. अधिकारी यादीतली सातवी पेटी उघडायला लावेल, आत पोशाख निघतील, तो मान हलवेल.

नऊ जण रेल्वे स्टेशनवर. पाठीवर एकेक सॅक. कुणीतरी गाडीत चढता चढता कालच्या प्रयोगातली चुकलेली जागा पुन्हा गाऊन दाखवतंय. व्हायोलिनवाली खिडकीशी बसलीय, पेटी मांडीवर. वरच्या फळीवर ठेव, म्हणून तिघांनी सांगून झालंय.

गाडी हलते.